चिवड्याच्या डब्यातला प्रीॲम्प

काकांच्या घरी सोफ्याची पाठ स्पीकरकडे असायची. नव्या माणसाला आधी वाटायचं, घरात रंगकाम निघालंय म्हणून सामान असं उलटंपालटं ठेवलंय. तो बिचारा समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसायचा आणि पाठीमागून गाणं सुरू झालं की दचकून वळायचा. लगेच काका म्हणायचे, "वळू नका. स्पीकर बघून काय कळणार? तिथे कुणी बसलेलं नाही."

रेकॉर्डची एक बाजू लागली की ती संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा दुसरा नियम. दाराची बेल वाजली तरी उठायचं नाही. त्यामुळे त्यांचं गॅसचं सिलिंडर नेहमी शेजारच्या मल्होत्रांकडे उतरायचं. तिसरा नियम सगळ्यात जाचक होता. बाजू संपल्यावर नुसतं 'वा' म्हणायचं नाही. 'वा' कशाला, हे सांगता येत असेल तरच म्हणायचं. बहुतेकांना ते सांगता यायचं नाही. मग काकू चहा घेऊन यायच्या. मी मात्र जवळजवळ वीस वर्षं त्या सोफ्यावर बसून 'वा' म्हणत आलो आणि कशाला ते दर वेळी नवीन काहीतरी ठोकून देत आलो.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते मोठ्या हुद्द्यावर होते, आर. के. पुरमला त्यांचं क्वार्टर होतं, आणि दिल्लीत येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाचे ते आपोआप काका व्हायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्क्रू-ड्रायव्हर. ऑफिसातून आले की फायलींऐवजी सोल्डरिंग आयर्न तापवायला ठेवायचे. त्या धुराचा वास काकूंच्या फोडणीच्या वासात मिसळायचा, त्यामुळे त्यांच्याकडची आमटी मला कायम थोडी विजेवर शिजल्यासारखी लागायची.

मी दिल्लीत आलो तो कलेक्टर व्हायला. आमच्या तालुक्यातून दरवर्षी चारदोन मुलं याच कामासाठी निघतात आणि त्यांना निरोप द्यायला स्टँडवर इतकी माणसं येतात की रिकाम्या हाताने परत जायची सोय उरत नाही. मलाही हार घातला होता. त्या हाराच्या जोरावर मी एकदा मुलाखतीपर्यंत पोचलो. त्याआधी काका रविवारी सकाळी क्वार्टरमध्ये आमच्या लुटुपुटूच्या मुलाखती घ्यायचे. जेवणाच्या टेबलामागे ते एकटे बसायचे, पण आव पाच जणांच्या पॅनलचा. उत्तर बरोबर आलं तर दहापैकी सात मार्क. "माहीत नाही, सर," असं सरळ म्हटलं तर दहापैकी दहा. आणि पोरगा ठोकून देतोय असं दिसलं की काका रागवायचे नाहीत. मुकाट्याने उठायचे, पितळी तांब्या घ्यायचे आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे. तुमचं बोलणं थांबेपर्यंत घालत राहायचे. मुलाखतींच्या मोसमात काकांची निम्मी झाडं मुळाशी सडायची.

मला त्यांनी एका समितीच्या शिफारशींबद्दल विचारलं. समितीचं नाव चांगलं लांबलचक आणि भारदस्त होतं. मी ते कधी ऐकलं नव्हतं, पण स्टँडवरच्या हाराची आठवण होऊन मी म्हणालो, "शिफारशी स्वागतार्ह आहेत सर, पण अंमलबजावणीत काही अडचणी दिसतात." हे वाक्य कुठल्याही समितीला चालतं. मग मी तीन अडचणी सांगितल्या. तिसऱ्या अडचणीच्या मध्यावर काका तांब्या घेऊन उठले. तुळस झाली, मोगरा झाला, मी राज्यांच्या भूमिकेवर आलो होतो. ते परत येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "ती समिती मी आज सकाळी दाढी करताना काढली."

काकू पोह्यांवर खोबरं घालत होत्या. त्यांनी माझ्या बशीत जरा जास्त घातलं.

खऱ्या मुलाखतीतही मी तेच केलं, फक्त तिथे झाडं नव्हती. निकाल लागला आणि तेव्हापासून काका मला 'कलेक्टर' म्हणायला लागले. राग यायचा, पण ते इतक्या मायेने म्हणायचे की हळूहळू मी त्या हाकेला ओ द्यायला लागलो. गावी परतायचं धाडस नव्हतं. नोएडात एका जाहिरात कंपनीत लागलो. कधी न वापरलेल्या वस्तूंबद्दल खात्रीने लिहायचं, हे तिथलं काम. माझ्या गुणांची कदर करणारं क्षेत्र इतक्या जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

लग्नही इथेच झालं. बायको सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत वाढलेली. तिच्या मराठीत दर चौथा शब्द हिंदी असतो, आणि 'ओशाळणे', 'भारावणे' असले शब्द तिला माहीतच नाहीत. माझा सुरुवातीला समज होता की शब्द नाहीत म्हणजे त्या भावनाही नसतील. तसं काही नव्हतं. पण जे दिसतं ते ती दिसतं तसंच सांगते, आणि माझ्यासारख्या माणसाच्या घरात ही मोठी गैरसोय असते.

काका निवृत्त होऊन नोएडात आमच्यापासून चार सेक्टरांवर राहायला आले, तेव्हा मी टर्नटेबल घेतलं. ऑफिसात सगळे घेत होते. माझ्याकडे रेकॉर्डी एकूण आठ, पण मी 'व्हायनिल' असा शब्द वापरायला लागलो आणि रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज लिहायला लागलो. एका ख्यालाच्या रेकॉर्डबद्दल मी लिहिलं होतं की यातला तंबोरा असा लागतो की खोलीच्या भिंती भारून जातात. गाणं सुरू व्हायच्या आधीच माणूस गाभाऱ्यात शिरतो. अठ्ठावीस जणांनी हात जोडले होते.

बायकोने हे काकांना वाचून दाखवलं. काका दुसऱ्याच दिवशी मेट्रोने आले. आमचा सोफा भिंतीकडे वळवून घेतला, बसले आणि सगळी बाजू डोळे मिटून ऐकली. मी 'वा' तोंडात धरून उभा होतो. बाजू संपली. काकांनी सुई उचलली, तबकडी थांबवली, आणि कान देऊन म्हणाले, "गायिका घरी गेली, पण तंबोरेवाला अजून बसलाय."

खरंच, घूं असा आवाज येतच होता.

टर्नटेबलच्या मागे एक बारीक तार असते, अर्थिंगची. ती ॲम्प्लिफायरला जोडायची असते. मी ती चुकून जास्तीची आली असेल असं समजून नीट गुंडाळून रबरबँड लावून ठेवली होती. काकांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, तार जोडली आणि माझा गाभारा बंद पडला.

"मी तर पहिल्या दिवसापासून बोलतेय," बायको म्हणाली, "की फ्रिजचा आवाज स्पीकरमधून का येतोय."

मग काकांनी तीच बाजू पुन्हा लावली. त्या रेकॉर्डवर खरा तंबोरा होता, पण कितीतरी हळू. तो मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. ग्रुपवर मी हे लिहिलं नाही. तार जोडल्यावर आवाज 'अधिक अंतर्मुख' झाला, एवढंच लिहिलं.

पुढे सहा महिन्यांत ॲम्प्लिफायरच्या आतला प्रीॲम्प एका बाजूने बोलेनासा झाला आणि मला वेगळा प्रीॲम्प घ्यायची वेळ आली. प्रीॲम्प म्हणजे काय, हे मला काकांनी सांगितलं तसं कुणीच सांगितलं नाही. "सुईतून येणारा आवाज म्हणजे दिल्लीत नुकता उतरलेला आपल्याकडचा पोरगा," ते म्हणाले. "बोलतो, पण कुणाला ऐकू जात नाही. आणि रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, वरचे सूर चढवलेले असतात, नाहीतर खाचा मावत नाहीत. प्रीॲम्पने ते परत जागेवर आणायचं आणि पोराला धीर द्यायचा. त्याच्याऐवजी स्वतः बोलायचं नाही. जितका साधा, तितका गप्प बसतो."

हे सांगताना त्यांच्यासमोर त्यांचा स्वतः बनवलेला प्रीॲम्प होता. स्टीलचा चौकोनी डबा, आत चार-सहा टिकल्यांएवढे भाग आणि दोन चौकोनी बॅटऱ्या. विजेवर चालवला तर घरघर येते म्हणून बॅटऱ्या. डब्यात पूर्वी काकू चिवडा ठेवायच्या आणि झाकण उघडलं की अजूनही थोडा कढीपत्त्याचा वास यायचा.

पण साधं काही घ्यायचं तर अभ्यास कशाला करायचा? मी तीन आठवडे व्हिडिओ बघितले. एक प्रीॲम्प 'दाणेदार' होता, एक 'रेशमी', एकाचा आवाज म्हणे 'स्पीकरच्या मागे पाच फूट उभा राहायचा'. शेवटी दोनवर आलो. एक परदेशी, चपटा, चकचकीत; तो ऑनलाइन मागवला. दुसरा जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, पेटला की नारंगी उजेड पडणारा. तो ग्रुपवरच्या एका मित्राकडून बघायला आणला. कोणता ठेवायचा यावर मी घरात इतका बोललो की बायको एकदा म्हणाली, "यार, एवढा विचार तर तू माझ्या वेळी पण नव्हता केलास."

त्याच सुमारास काकांनी जाहीर केलं की ते दोघं पुण्याला लेकीकडे कायमचे राहायला जाणार. आणि रेकॉर्डी नेणार नाहीत. "लेकीच्या घरात जागा नाही," ते म्हणाले. "इथेच कुणालातरी देऊन जाईन."

त्यांच्याकडे तीनशेच्या वर रेकॉर्डी होत्या. ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं, जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांत पन्नास वर्षं फिरून एकेक करून जमवलेल्या. प्रत्येकीच्या पाकिटावर आतून पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंद: कुठल्या दिवशी ऐकली, बरोबर कोण होतं. काही पाकिटांत माझंही नाव होतं. मला त्या रेकॉर्डी हव्या होत्या. खरं सांगतो, इतकी हाव मला कलेक्टर व्हायचीसुद्धा नव्हती. भिंतभर रेकॉर्डींसमोर मी उभा आहे आणि पाहुणे बघतायत, असं चित्र मला ऑफिसात मीटिंग चालू असताना दिसायचं.

मी काकांना आडून आडून सुचवलं. ते म्हणाले, "तुझा प्रीॲम्प ठरला का? नाही? मग आधी तो निवड. रविवारी दोन्ही घेऊन ये. माझा डबा धरून तीन. कानांनी निवड, मग रेकॉर्डींचं बोलू."

म्हणजे परीक्षा होती, आणि ती कानांची होती. मी आठवडाभर सर्दी होऊ नये म्हणून गरम पाणी प्यायलो.

रविवारी अकराच्या सुमारास आम्ही गेलो. थंडीचे दिवस, बाल्कनीत छान ऊन आलं होतं. बायकोला काकूंनी थालीपिठाचं आमिष दाखवलं होतं, म्हणून ती आली होती. काकांनी तिलाही माझ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून बसवलं. "एकच नाट्यगीत तीनदा लावणार," ते म्हणाले. "दर वेळी मागे वायरी बदलीन. कोणता कधी लावला ते सांगणार नाही. तिन्ही झाल्यावर सांगायचं, कोणता बरा आणि का."

गाणं वाजलं. मागे खुडबुड, खट्, पुन्हा खट्. गाणं वाजलं. पुन्हा खुडबुड. तिसऱ्यांदा वाजलं. मी मुठी आवळून ऐकत होतो. समोरच्या भिंतीला एक बारीक चीर होती, तीही मला पाठ झाली.

"हं, बोला कलेक्टर," काका म्हणाले.

मी घसा साफ केला. "पहिला ठीक आहे, पण थोडा कोंदट. गायिका बंद दारामागून गातेय असं वाटतं. दुसऱ्यात मोकळेपणा आहे, तबल्याचा दाणा सुटा होतो, पण आत शिरत नाही. तिसरा मात्र वेगळाच. त्याला खोली आहे. श्वास ऐकू येतो. हा बहुतेक नळ्यांचा असावा, आणि मी हाच निवडीन." बोलता बोलता मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं होतं.

"आणि तू गं?" काकांनी बायकोला विचारलं.

"मला तर तिन्ही सेमच वाटले, काका," ती म्हणाली. "दुसऱ्या टाइमला खाली भाजीवाला ओरडत होता, मटर घ्या मटर. तेवढाच फरक."

मी तिच्या पायावर पाय दिला. पण तेवढ्यात पाठीमागे काका उठल्याचा आवाज आला. मग पावलं. मग स्वयंपाकघरात नळ सुरू झाला, आणि पितळी भांड्यात पाणी पडतानाचा तो आवाज ओळखायला मला कुठल्याही प्रीॲम्पची गरज नव्हती. काका तांब्या घेऊन आमच्यासमोरून बाल्कनीत गेले. भर थंडीत माझ्या कानामागून घाम ओघळला. ते सावकाश एकेका कुंडीत पाणी घालत होते आणि मी भिंतीवरच्या चिरेकडे बघत होतो.

"तिन्ही वेळा डबाच होता," आत येऊन ते म्हणाले. "मी तीच वायर काढून तीच घातली."

मला एवढंच वाटलं, दाढी करताना काढली असणार ही कल्पना. एकाच माणसाने एकाच युक्तीने मला दोनदा धरलं होतं आणि मध्ये वीस वर्षं गेली होती.

"रेकॉर्डी हिच्या," काका म्हणाले.

"माझ्या?" बायको घाबरलीच. "मी काय करू? मला तर ऐकायला टाइमच नसतो."

"नसू दे. ऐकशील तेव्हा ऐकशील. न ऐकलेलं ऐकलं म्हणणार नाहीस."

काकूंनी थालीपिठं वाढली. माझ्या पानात लोण्याचा गोळा जरा मोठा होता, आणि तो का मोठा आहे हे मला माहीत होतं. घरी येताना बायको गाडीत म्हणाली, "अच्छा सुन, तुला हव्या तेव्हा ऐक ना. मी कुठे ना म्हणतेय." त्याने मला आणखीच लागलं.

दोन आठवड्यांनी त्यांच्या सामानाचा टेम्पो आला. रेकॉर्डी घेऊन जायला आणि बांधाबांधीला मदत करायला आम्ही सकाळपासून तिकडेच होतो. काका बाहेरच्या खोलीत खोक्यांना सुतळी बांधत होते आणि प्रत्येक खोक्यावर बायकोचं नाव लिहीत होते. काकू स्वयंपाकघरात डबे कागदात गुंडाळत होत्या. आम्ही दोघं त्यांना हातभार लावत होतो. मला गप्प बसवेना. म्हणालो, "काकू, काकांचे कान अजून काय तयार आहेत! त्यांनी मला बरोबर पकडलं."

काकूंनी हातातला डबा खाली ठेवला.

"अरे, ती युक्ती यांची नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी यांनी स्वतःवरच हा प्रयोग केला. यांनी केलेले तीन प्रीॲम्प आहेत ना, ते लावायचे, आणि वायरी बदलायला मला बसवलं मागे. माझी कंबर धरलेली. कपाटामागे कोण वाकणार? मी नुसतं डब्याचं झाकण वाजवायची आणि म्हणायची, हं, बदलला. यांनी कागद भरून लिहून काढलं. एकाला नऊ मार्क, एकाला सहा, एकाला चार. मग मला हसू आवरेना, मी सांगून टाकलं." काकू थांबल्या. "सांगायला नको होतं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, रेकॉर्डी देऊन टाकू. ज्याला ऐकू येत नाही, त्याने ऐकतोय असं दाखवत बसू नये."

"पण जागा नाही म्हणून ना?" मी विचारलं.

"जागेला काय झालंय? लेकीने एक अख्खी खोली मोकळी करून ठेवलीय बाबांसाठी. भिंतीला फळ्या ठोकून घेतल्यात, रेकॉर्डी मोजून. तिला अजून यांनी सांगितलेलं नाही."

बायको हात पुसून सरळ बाहेरच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे गेलो.

"काका, या रेकॉर्डी माझ्या ना?"

"हो की," काका सुतळीची गाठ मारत म्हणाले.

"बिल्कुल माझ्या?"

"बिल्कुल."

"मग या पुण्याला चालल्या."

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. काकू तिथे उभ्या होत्या. "सांगितलंस तर," ते म्हणाले, आणि मग बायकोकडे वळून, "अगं, एकच डबा होता. त्याला मी तीन वेगळे मार्क दिले. या कलेक्टरने दिले तर समजू शकतो. मी?"

"तर काय झालं?" बायको म्हणाली. "मी एकदा ऐकलं आणि सोडून दिलं. नंतर तर मी भाजीवाल्याला ऐकत होते. तुम्ही तिन्ही टाइम नीट बसून ऐकलंत, म्हणून तुम्हाला तीन वेळा वेगळं वाटलं. मला रेकॉर्डी देऊन काय फायदा? मी तर ऐकतच नव्हते."

हा मुद्दा मलाही लागू होत होता, असं मला त्या क्षणी वाटून गेलं. पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

काका सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मला एकदम ते फार म्हातारे दिसले.

"सच सांगा काका," बायको आता हळू बोलत होती, "तुम्हाला ऐकू येतं की नाही?"

काका खोक्यांकडे बघत राहिले. काकूंकडे बघितलं. मग ते म्हणाले, "माहीत नाही."

इतक्या वर्षांत शेकडो पोरांच्या तोंडून जे त्यांनी काढून घेतलं होतं, ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"दस में से दस," बायको म्हणाली. तिला हा हिशेब माझ्याकडूनच कळलेला होता. तिने मार्कर घेतला आणि पहिल्या खोक्यावरचं स्वतःचं नाव खोडलं. काका उठायला गेले, पण उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि काकू डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? भिंतभर रेकॉर्डी डोळ्यांदेखत गेल्या. पण त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं, आणि हे मी पाहुण्यांसमोर सांगण्यासाठी म्हणत नाहीये. लिफ्ट बंद होती. तीनशे रेकॉर्डी चौथ्या मजल्यावरून मीच खाली उतरवल्या आणि टेम्पोत माझ्या हाताने उभ्या लावल्या, कारण आडव्या ठेवल्या तर वाकतात. हे मला खरंच माहीत होतं.

निघताना काकांनी मला चिवड्याचा डबा दिला. "अजून दोन आहेत माझ्याकडे. हा तुला राहू दे, कलेक्टर. तू तीन वेळा ऐकून निवडलायस." आणि बायकोला त्यांनी पितळी तांब्या दिला. तिला वाटलं, पूजेला असेल. मला तेव्हाच धडकी भरली.

चकचकीत प्रीॲम्प मी परत पाठवला, नळ्यांचा मित्राला नेऊन दिला. पुण्याच्या घरात आता सोफ्याची पाठ स्पीकरकडे असते आणि लेकीकडे येणारी माणसं भिंतीकडे तोंड करून चहा पितात, असं काकू फोनवर सांगतात. काका सकाळी एक बाजू ऐकतात. पाकिटावर तारीख लिहितात आणि पुढे पुष्कळदा प्रश्नचिन्ह घालतात.

आमच्याकडे माझ्या आठ रेकॉर्डी त्या डब्यावर वाजतात. लोक येतात, स्टीलच्या डब्याकडे बघून चौकशी करतात, आणि मी सांगायला लागतो. सांगतो की साध्या सर्किटचा एक प्रामाणिकपणा असतो, सूर धातूला स्पर्श करून येतो, दुसऱ्यांदा ऐकलं की एक वेगळीच खोली जाणवते. तेवढ्यात बायको उठते. नळ सुरू होतो. आमच्या बाल्कनीत सध्या तिसरी तुळस आहे.